व्हाइट वॉल्थम: गवतावर उतरणारी विमानं आणि एका मैदानाची नव्वद वर्षं

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून रेडिंगकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, तर मेडनहेड मागे पडल्यावर डाव्या खिडकीकडे लक्ष ठेवा. रुळांना लागून एक भलंमोठं हिरवं मैदान येतं. दुरून गुरांचं कुरण वाटतं. मग कडेला ओळीने उभी असलेली छोटी विमानं दिसतात, खांबावर वाऱ्याने फुगलेला विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, दिसतो, जमलंच तर एखादं विमान गवतावरून धावत धावत अलगद वर उचललेलं दिसतं. गाडी वेगात असते, त्यामुळे डोळे भरून पाहायला मिळत नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोक्यात एकच प्रश्न होता: डांबर कुठे आहे?

डांबर नाहीच. व्हाइट वॉल्थमच्या तिन्ही धावपट्ट्या गवताच्या आहेत आणि पहिल्यापासून तशाच आहेत. इथून हीथ्रो विमानतळ सरळ रेषेत जेमतेम २२ किलोमीटरवर. तिथे जगभरातली अजस्र विमानं मिनिटामिनिटाला उतरतात आणि इथे दोन माणसं बसतील एवढी विमानं गवतावरून उडतात. या दोन्ही जागांची गोष्ट एकमेकींत गुंतलेली आहे. म्हणून या मैदानाचा इतिहास नीट समजून घेतला, की इंग्लंडमधलं विमानोड्डाण कसं वाढलं, कुठे फसलं आणि आज कशाच्या जोरावर उभं आहे, हेही बरंचसं उलगडतं.

आधी एक शब्द समजून घेऊ. तिकीट काढून आपण ज्या विमानाने जातो ते झालं एअरलाइनचं विमान. लष्कराची विमानं वेगळी. ही दोन्ही बाजूला काढली की जे उरतं, त्याला जनरल एव्हिएशन म्हणतात. विमान चालवायला शिकणारे विद्यार्थी, रविवारी हौसेने उडणारा एखादा दंतवैद्य, आकाशातून फोटो काढणारे, ग्लायडरवाले, जुनी विमानं जपणारे, सगळे त्यात आले. एअरलाइनचे वैमानिकही बहुतेक याच पायरीवरून वर चढतात. आपल्याकडे बारामतीच्या धावपट्टीवर जे प्रशिक्षण चालतं तेही याच जातकुळीतलं.

आता गवताकडे वळू. सुरुवातीच्या काळात धावपट्टी नावाची गोष्टच नव्हती. विमानतळ म्हणजे मोकळं, सपाट, पाण्याचा निचरा होणारं मैदान. विमान हलकं असायचं, लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेलं, आणि त्याला बाजूचा वारा सोसायचा नाही. विमान उडवायचं आणि उतरवायचं ते वाऱ्याच्या तोंडावर, कारण समोरून येणारा वारा पंखांवरून जास्त हवा नेतो आणि जमिनीवरचा वेग कमी असतानाही विमान उचललं जातं. वारा रोज दिशा बदलणार, तेव्हा मैदानही असं हवं की वाटेल त्या दिशेने धावता येईल. म्हणून जुनी विमानतळं लांबोडकी नसतात, ऐसपैस पसरलेली असतात. व्हाइट वॉल्थमचा तो पसारा या जुन्या गरजेतून आलाय. आज तिथे ठरलेल्या तीन धावपट्ट्या आहेत, पण मैदानाचा घाट तोच राहिलाय.

धावपट्ट्यांच्या आकड्यांचं गणित अगदी सोपं आहे. होकायंत्रावर वर्तुळाचे ३६० अंश. धावपट्टी ज्या दिशेला तोंड करून आहे, त्या अंशांतलं शेवटचं शून्य काढून टाकायचं. २५ नंबरची धावपट्टी म्हणजे साधारण २५० अंश, नैर्ऋत्य आणि पश्चिमेच्या मधली दिशा. तीच पट्टी उलट्या टोकाने वापरली की ०७. इंग्लंडात वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो. व्हाइट वॉल्थमची सगळ्यात लांब पट्टी, सुमारे ११०० मीटरची, हीच ०७-२५ आहे. उरलेल्या दोन, ०३-२१ आणि ११-२९, वारा फिरला तर कामाला येतात.

हे मैदान विमानांसाठी घेतलं ते डी हॅविलंड यांनी. सुमारे २०० एकर गवताळ जमीन. त्यांच्या कंपनीने १९२५ मध्ये मॉथ नावाचं हलकं दोन आसनी विमान काढलं होतं. त्याचे पंख मागे दुमडता यायचे, त्यामुळे ते छोट्या शेडमध्येही मावायचं. विमान ही श्रीमंत वेड्यांची किंवा सैन्याची चीज न राहता क्लबात जाऊन शिकण्याची गोष्ट झाली, त्यात मॉथचा वाटा फार मोठा. आपल्यालाही हे नाव परकं नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या मैदानात उतरले, ते याच कंपनीच्या पस मॉथमधून.

१९३५ मध्ये व्हाइट वॉल्थमला डी हॅविलंडची प्रशिक्षण शाळा सुरू झाली. वरवर पाहता खासगी शाळा, पण काम मुख्यतः हवाई दलाचं. युरोपात युद्धाचे ढग जमत होते आणि हवाई दलाला वैमानिक हवे होते. सरकारने खासगी शाळांना कंत्राटं देऊन राखीव वैमानिक तयार करून घेतले. तरुण मुलं टायगर मॉथच्या उघड्या कॉकपिटमध्ये बसून शिकली. १९३८ मध्ये सरकारने मैदानच ताब्यात घेतलं.

यानंतरची पाच-सहा वर्षं ही या जागेच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी. मला स्वतःला हा भाग सगळ्यात प्रिय आहे, तेव्हा इथे जरा थांबतो.

युद्ध सुरू झालं की विमानं कारखान्यांत तयार होतात आणि लागतात ती आघाडीच्या तळांवर. मधला प्रवास कोणी करायचा? कारखान्यातून निघालेलं विमान आधी एका देखभाल केंद्रात जायचं. तिथे रेडिओ, बंदुका बसवल्या जायच्या आणि तिथून ते स्क्वॉड्रनकडे, म्हणजे हवाई दलाच्या तुकडीकडे. दुरुस्तीला आलेली विमानं उलट्या दिशेने. हे सगळं लढाऊ वैमानिकांनी करायचं तर लढायचं कोणी? यातून एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी, म्हणजे एटीए, ही संस्था उभी राहिली. कल्पना जेरार्ड डर्लांजे या विमान कंपनीच्या संचालकाची. ज्यांच्याकडे वैमानिकाचा परवाना आहे, पण वय, दृष्टी किंवा एखादं व्यंग यामुळे हवाई दल ज्यांना घेणार नाही, अशा नागरिकांना गोळा करायचं. १९४० मध्ये एटीएचं मुख्यालय व्हाइट वॉल्थमला आलं.

कोण होते हे लोक? पहिल्या महायुद्धात लढून पिकलेले म्हातारे. चष्मेवाले. स्टुअर्ट कीथ-जॉप यांना एक हात आणि एक डोळा होता, तरीही ते विमानं पोचवत होते. पंचवीसहून जास्त देशांतले पुरुष आणि स्त्रिया. चिलीपासून पोलंडपर्यंतचे. युद्धभरात बाराशेहून जास्त वैमानिकांनी एटीएत काम केलं आणि त्यात दीडशेहून जास्त स्त्रिया होत्या.

स्त्रियांचा प्रवेश सहज झाला नाही. पॉलिन गॉवर या अनुभवी वैमानिकेने मागे लागून परवानगी मिळवली आणि १ जानेवारी १९४० रोजी पहिल्या आठ जणी रुजू झाल्या. त्यांना काम काय दिलं? भर हिवाळ्यात उघड्या टायगर मॉथमधून इंग्लंडहून स्कॉटलंडपर्यंत उडायचं. हरिकेनसारखं लढाऊ विमान हाती यायला १९४१ चा उन्हाळा उजाडला. पगारही पुरुषांपेक्षा कमी. १९४३ मध्ये मात्र तो समान झाला. समान कामाला समान दाम ही गोष्ट त्या काळात सरकारी यंत्रणेत कुठे ऐकूही येत नव्हती, हे लक्षात घेतलं की या निर्णयाचं वजन कळतं.

हे काम कसं चालायचं, ते एका दिवसापुरतं पाहू. सकाळी वैमानिक जमतात. प्रत्येकाला एक चिठ्ठी मिळते: अमुक ठिकाणाहून तमुक विमान उचला, अमक्या तळावर सोडा. मग अ‍ॅन्सन किंवा फेअरचाइल्डचं टॅक्सी विमान त्यांना आपापल्या कारखान्यापर्यंत सोडतं आणि संध्याकाळी जिथे जिथे ते पोचले असतील तिथून गोळा करून आणतं. एकाच दिवसात सकाळी स्पिटफायर हे लढाऊ विमान, दुपारी दोन इंजिनांचं बॉम्बफेकी विमान आणि संध्याकाळी सरावाचं विमान, असंही व्हायचं. चिठ्ठीवर कधी अशा विमानाचं नाव असे, जे आयुष्यात कधी चालवलेलं नाही.

अशा वेळी आधार एका छोट्या वहीचा. फेरी पायलट्स नोट्स, तळहाताहून थोडी मोठी, कड्यांमध्ये अडकवलेली कार्डं. प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी कार्ड. इंजिन सुरू कसं करायचं, किती वेगाला जमीन सोडेल, उतरताना किती वेग ठेवायचा, कुठली कळ चुकली तर जिवावर बेतेल. वैमानिक पंखाजवळ उभं राहून कार्ड वाचायचा, आत बसायचा आणि निघायचा. या पद्धतीमागे एक हुशारीची मांडणी होती. विमानांचे सहा वर्ग केले होते: हलकी एक इंजिनी, वेगवान एक इंजिनी, मग साधी आणि अवघड दोन इंजिनी, चार इंजिनी आणि शेवटी पाण्यावर उतरणारी. एका वर्गाचं प्रशिक्षण झालं की त्या वर्गातलं कुठलंही विमान कार्डाच्या भरवशावर न्यायचं. असं करत एटीएने १४७ प्रकारची तीन लाखांहून जास्त विमानं पोचवली.

आणि हे सगळं रेडिओशिवाय. ढगात शिरून फक्त उपकरणांवर उडायचं प्रशिक्षण बहुतेकांना नव्हतंच, कारण नियम होता ढगाखाली राहण्याचा. नकाशा मांडीवर, खाली रेल्वेचे रूळ आणि नदी पाहत जायचं. इंग्लंडची हवा मात्र नियम पाळत नाही. सकाळी स्वच्छ निघालेलं विमान दुपारी धुक्यात सापडायचं. शत्रूच्या विमानांना अडवायला शहरांभोवती तारांनी बांधलेले फुगे सोडलेले असत, तेही चुकवायचे. १७० हून जास्त जण यात गेले, स्त्रिया आणि पुरुष दोन्ही.

त्यांतलं एक नाव आपल्याकडच्या जुन्या लोकांना माहीत असेल: एमी जॉन्सन. १९३० मध्ये ती मॉथमधून एकटी इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला गेली, तेव्हा वाटेत इंधन संपत आलं म्हणून झाशीच्या लष्करी कवायतीच्या मैदानात उतरली होती. ५ जानेवारी १९४१ रोजी एटीएसाठी एक विमान पोचवताना ती खराब हवेत भरकटली आणि थेम्सच्या मुखाशी तिचा अंत झाला.

दुसरी मेरी एलिस. तिने एकटीने एक वेलिंग्टन बॉम्बफेकी विमान तळावर उतरवलं, तेव्हा खालच्या लोकांचा विश्वास बसेना. विमान चालवणारा पुरुष आतच कुठेतरी असणार म्हणून त्यांनी विमानात शिरून शोध घेतला. आत कोणी नव्हतं. हीच मेरी एलिस युद्धानंतर आइल ऑफ वाइट बेटावरच्या सँडाउन या छोट्या विमानतळाची प्रमुख झाली आणि तिने तो वीस वर्षं चालवला. ती गेली २०१८ मध्ये, वयाच्या १०१ व्या वर्षी.

३० नोव्हेंबर १९४५ रोजी व्हाइट वॉल्थमवरचा एटीएचा झेंडा उतरवला गेला. हयात असलेल्यांना सरकारने माजी सैनिकांचा बिल्ला दिला तो २००८ मध्ये. इतका उशीर का व्हावा, हे मला आजही पटत नाही. मेडनहेडच्या वारसा संग्रहालयात एटीएचं कायमचं दालन आहे, त्या भागात राहणाऱ्या मराठी मंडळींनी मुलांना घेऊन जरूर जावं.

आता हीथ्रोचा धागा. १९२९ मध्ये फेअरी या विमान कंपनीने लंडनच्या पश्चिमेला हीथ्रो नावाच्या वस्तीजवळ स्थानिक जमीनमालकांकडून सुमारे दीडशे एकर जमीन विकत घेतली आणि पुढच्या वर्षी तिथे स्वतःचं विमानतळ केलं. गवताचंच, आणि गवत फार निगुतीने राखलेलं. १९४४ मध्ये सरकारने युद्धकाळातले अधिकार वापरून ते ताब्यात घेतलं. कारण दिलं लष्करी वाहतुकीचं. त्या वेळचे हवाई खात्यातले मंत्री हॅरॉल्ड बाल्फर यांनी पुढे आठवणींत कबूल केलं, की खरा हेतू लंडनसाठी मोठा नागरी विमानतळ बांधण्याचा होता. म्हणजे आजचं हीथ्रो हेही एकेकाळी व्हाइट वॉल्थमसारखंच गवताचं खासगी मैदान होतं. फेअरीची भरपाईची लढाई १९६४ पर्यंत चालली आणि १६ लाख पौंडांवर मिटली.

जागा गेलेली फेअरी आधी हेस्टनला गेली. हेस्टन हीथ्रोच्या फार जवळ म्हणून तेही बंद झालं. आज त्या जागेतून एम-४ महामार्ग जातो आणि त्यावरच्या थांब्याला हेस्टनचं नाव आहे. अखेर फेअरीची चाचणी उड्डाणं आली व्हाइट वॉल्थमला.

तिथे ६ नोव्हेंबर १९५७ रोजी एक अजब यंत्र हवेत चढलं. नाव रोटोडाइन. वर हेलिकॉप्टरसारखं प्रचंड मोठं पातं, बाजूला आखूड पंख आणि त्यांवर दोन इंजिनं. चाळीसेक प्रवासी शहराच्या मध्यातून उचलून दुसऱ्या शहराच्या मध्यात उतरवायचे, ही कल्पना. पातं फिरवायची तऱ्हा निराळी. इंजिनातली दाबाखालची हवा पात्यांच्या टोकांपर्यंत नळीने न्यायची, तिथे इंधन मिसळून जाळायचं, की टोकाला जणू छोटे रॉकेट लागले आणि पातं गरगरायला लागलं. एकदा पुढचा वेग पकडला, की ही जळती टोकं बंद. मग पातं वाऱ्यावर आपोआप फिरत राहतं आणि विमान पंखांच्या व पंख्यांच्या जोरावर पुढे जातं. जानेवारी १९५९ मध्ये त्याने ताशी ३०७ किलोमीटरचा विक्रम केला. पण ती जळती टोकं कानठळ्या बसवायची. शहराच्या मध्यात उतरणाऱ्या यंत्राला आवाजच परवडणारा नव्हता. गिऱ्हाइकं मागे सरली, सरकारने पैसा आखडला आणि १९६२ मध्ये प्रकल्प गुंडाळला.

याच दशकात हवाई दलाच्या होम कमांडचं मुख्यालयही इथेच होतं. १९५२ च्या अखेरीस प्रिन्स फिलिप यांनी विमान चालवायचे पहिले धडे याच गवतावर घेतले आणि १९५३ मध्ये त्यांना हवाई दलाचं वैमानिक-चिन्ह, म्हणजे विंग्स, मिळालं.

पुढे सैन्य हळूहळू निघून गेलं आणि मैदान पुन्हा क्लबाच्या हाती आलं. वेस्ट लंडन एअरो क्लबचं हे घर. आज तिथे विद्यार्थी शिकतात, कसरती उड्डाणांचा सराव होतो, जुनी विमानं येतात-जातात.

पण हीथ्रो अजूनही डोक्यावर आहे, आणि ते अक्षरशः. मोठ्या विमानतळाभोवतीचं आकाश नियंत्रित असतं. तिथे शिरायला नियंत्रकाची परवानगी लागते. व्हाइट वॉल्थम हीथ्रोच्या या क्षेत्राच्या कडेशी येतं. म्हणून त्याच्यासाठी मैदानाभोवती एक छोटा खिसा कापून दिलाय, ज्यात ठरावीक उंचीखाली स्थानिक विमानं उडू शकतात. विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून शिकावं लागतं, की इकडे इतकंच वर, तिकडे इतकंच पुढे. चुकून वर गेलात तर हीथ्रोला उतरणाऱ्या विमानांचा मार्ग बदलावा लागतो.

छोट्या मैदानावर रेडिओवर बोलणारा माणूस कोण, हेही समजून घेण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये याचे तीन दर्जे आहेत. पूर्ण नियंत्रक असेल तर तो आदेश देतो. माहिती अधिकारी असेल, तर तो जमिनीवरच्या विमानांना सूचना देतो, पण आकाशातल्यांना फक्त माहिती. तिसरा दर्जा नुसत्या रेडिओ चालकाचा. तो वारा कुठून आहे, कुठली पट्टी चालू आहे, आसपास कोण आहे, एवढंच सांगतो. उतरायला परवानगी देण्याचा अधिकार त्याला नसतो. वैमानिकाने स्वतः खिडकीबाहेर पाहायचं, मैदानाभोवती आखलेल्या चौकोनी मार्गात आपला नंबर लावायचा, इतरांना ऐकू येईल असं आपण कुठे आहोत ते बोलायचं आणि निर्णय घ्यायचा. हीथ्रोवरून आलेल्या माणसाला हे भीतीदायक वाटेल. मला यात शिस्तीचं सगळ्यात शुद्ध रूप दिसतं.

गवताची स्वतःची शिस्त वेगळी. समजा विमानाच्या पुस्तकात लिहिलंय, की कोरड्या डांबरावर उतरून थांबायला ५०० मीटर लागतील. ब्रिटिश विमान प्राधिकरणाचा सल्ला असा, की कोरडं गवत असेल तर त्यात १५ टक्के वाढवा, ओलं असेल तर ३५ टक्के. म्हणजे ६७५ मीटर. गवत अगदी बारीक कापलेलं, ओलं आणि खालची माती टणक असेल, तर चाकं घसरतात आणि ६० टक्क्यांपर्यंत वाढ धरावी लागते. तेच झाले ८०० मीटर. उडताना उलट अडचण. उंच गवत चाकांना धरून ठेवतं, वेग लवकर येत नाही. त्यामुळे गवत किती बोटं ठेवायचं, कधी कापायचं, रोलर कधी फिरवायचा, हिवाळ्यात पाणी साचलं तर कुठली पट्टी बंद ठेवायची, यावर मैदानाचा कारभार चालतो. इथला माळी विमानाइतकाच महत्त्वाचा.

अशी मैदानं टिकवणं मात्र कठीण होत चाललंय. युद्धकाळात ब्रिटनमध्ये चारशेहून जास्त नवी विमानतळं बांधली गेली. बहुतेक पुन्हा शेतात गेली, काहींवर कारखाने आले, काहींवर गावं. लंडनच्या आसपास जमिनीला सोन्याचा भाव आहे, आणि विकासकाच्या नजरेला सपाट, मोकळं, रस्ता असलेलं मैदान दिसतं. कायद्याच्या भाषेत आधी बांधकाम झालेली जमीन पुन्हा बांधायला सोपी. चार हँगर, म्हणजे विमानं ठेवायच्या शेड, उभे आहेत म्हणून भोवतालचं सगळं गवतही त्याच व्याख्येत ओढायचं का, यावर वर्षानुवर्षं वाद चालले. हर्टफर्डशरमधलं पॅनशँगर २०१४ मध्ये बंद झालं आणि जागा घरांना गेली. युद्धात जर्मन बॉम्बफेकी विमानांना फसवायला डी हॅविलंडच्या हॅटफील्ड कारखान्याचा खोटा देखावा तिथे उभा केला होता, पुढे तेच खरं विमानतळ झालं होतं. हॅटफील्डही गेलंच.

२०१८ च्या इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणात एक ओळ आली, की जनरल एव्हिएशनच्या विमानतळांचं देशभरचं जाळं टिकवण्याचं महत्त्व नियोजन करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. त्यातला जाळं हा शब्द नेमका आहे. एक मैदान गेलं तर तिथले विद्यार्थी दुसरीकडे जातील, हे खरं. पण हवा अचानक बिघडली, इंजिन कुरकुरलं, तर शिकाऊ वैमानिकाला वीस मिनिटांच्या अंतरात उतरायला जागा लागते. मध्ये मैदानच उरली नाहीत, तर नकाशावरचं प्रत्येक उड्डाण अवघड होतं.

पॅडिंग्टनची गाडी आता पुन्हा त्या मैदानाजवळून जाते, तेव्हा मी आधी विंडसॉक शोधतो. तो कुठल्या बाजूला फुगलाय ते पाहतो आणि मनात ठरवतो, आज २५ चालू असणार. मग पूर्वेकडच्या टोकाला नजर लावतो. परवा एक पिवळं विमान खाली येत होतं. चाकं गवताला टेकली, एकदा हलकेच उसळलं, पुन्हा टेकलं, आणि तेवढ्यात झाडांची रांग आडवी आली.